उलटी धरलेली सायकल

आमच्या कॉलनीत कोणी सायकलवर आलं की त्याला पाणी मिळायच्या आधी त्याची सायकल उलटी व्हायची. हे काम श्रीधरकाकाजींचं. त्यांच्या फाटकासमोरून जाणारी कुठलीही जुनी सायकल त्यांना तशी जाऊ देता येत नसे. "जरा धरतो हं," एवढं म्हणायचे आणि मालक हो-नाही म्हणेपर्यंत सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं आभाळाकडे. मग चष्मा कपाळावर सरकवून ते वाकायचे. पायडलचा आस ज्या आडव्या नळीतून जातो, तिला ते सायकलचं पोट म्हणत. त्या पोटाच्या खालच्या अंगावरून अंगठा फिरवायचे, थोडा वेळ बघायचे, "अच्छा" म्हणायचे आणि सायकल सरळ करून देऊन टाकायचे.

आमचा दूधवाला याला वर्षानुवर्षं तोंड देत होता. त्याच्या सायकलचं पोट त्यांनी अनेकदा पाहिलं होतं, पण मधून मधून तो भावाची सायकल घेऊन येई, कधी साल्याची, आणि मग कॅन खाली उतरवण्यापासून सगळं आलंच.

"अंकलजी, दूध फट जाएगा।"

"अरे, एक मिनट भैया. दूध तुझं आधीच पाणी आहे, ते काहून फाटते?"

हे दुसरं वाक्य मराठीत असे, त्यामुळे दूधवाला हसून घेई.

काकाजी आमचे शेजारी. नातं काहीच नाही. पण जबलपूरच्या महाराजपुरासारख्या ठिकाणी मराठी शेजारी असला की नातं आपोआप लागतं, आणि एकदा लागलं की सुटत नाही. त्यांचे वडील अमरावतीकडून नोकरीसाठी इकडे आले, खमरियाला, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिले. काकाजींनीही आयुष्य कारखान्यातच काढलं, मालाच्या तपासणीत. तिथे काय मोजायचे हे त्यांनी कधी सांगितलं नाही; सांगायचं नसतंच. पण मोजायची सवय घरी आली होती. एकदा मी जेवायला बसलो असताना त्यांनी पोळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. काकू तव्यावरून मागे न बघता म्हणाल्या, "पास करा नाहीतर परत पाठवा. पण परत पाठवली तर दुसरी मिळणार नाही."

काकाजींनी पोळी पास केली.

त्यांच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली सायकली टांगलेल्या असत. सगळ्या शर्यतीच्या, खाली वळलेल्या हँडलच्या. कॉलनीत जशी पाटणकरांची तुळस, जैनांचे पोपट, तसा काकाजींचा हा डाऊन हँडलचा बगिचा. भंगारवाल्यांकडून, रेल्वेच्या निवृत्त गार्डांकडून, कुठल्या मिशनच्या शाळेच्या मागच्या खोलीतून त्यांनी त्या गोळा केलेल्या. कोणाचं चाक नव्हतं, कोणाची सीट उंदरांनी खाल्लेली. काकाजी त्यांच्यावर रंग कधीच मारत नसत. जुना रंग कितीही उडालेला असो, तो पुसून, तेल लावून, जपून ठेवायचा. "रंग म्हणजे कातडी आहे," ते म्हणत. "म्हाताऱ्या माणसाची कातडी तुम्ही बदलता का?" मी डोक्याला कलप लावतो. त्यामुळे या विषयावर मी काही बोलत नसे.

सायकलचं वय काढणं हा त्यांचा खरा आनंद. दातेरी चक्रातली नक्षी, पुढच्या पितळी बिल्ल्याचा आकार, रिमवर ठोकलेली अक्षरं, तेल घालायच्या भोकावरचं झाकण. एकेका खुणेवरून ते मागे मागे जात. मात्र ही विद्या माणसांवर वापरायची नसते, हे त्यांना उमगत नसे. आमच्या सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून आल्या होत्या. मी ओळख करून दिली. काकाजींनी त्यांचं चालणं नीट पाहिलं आणि आदराने म्हणाले, "छान. सांगाडा मूळचा आहे, फक्त पार्ट बदलले."

सासूबाई त्यानंतर आमच्याकडे आल्या की आधी शेजारी कोण घरी आहे ते विचारत.

तर, लोकांना वाटे की काकाजी सायकल उलटी करून नंबर बघतात. पोटाखाली नंबर ठोकलेला असतो हे खरंच आहे, आणि मीही तेच समजत होतो. एका दुपारी ते अंगणात बसले होते. समोर एक सांगाडा, त्याच्या नळीत सीटचा दांडा गंजून घट्ट बसलेला. काकाजी दोन-चार दिवसांनी त्यात चमचाभर रॉकेल सोडत आणि वाट बघत. असं महिनाभर चाललं होतं. मी म्हटलं, हातोडी मारा ना.

"घाई कोणाला आहे?" ते म्हणाले. "त्याला आहे? मला आहे? काहून घाई करून राहिला तू?"

मग बसल्या बसल्या, रॉकेलचा चमचा हातात धरून, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. त्यांचा मोठा भाऊ मनोहर. काकाजी त्याला दादा म्हणत. दादा शर्यती मारायचा. छावणीतून परत चाललेल्या कोणा फौजी साहेबाची बिलायती सायकल त्याला मिळाली होती, गर्द हिरवी, एका बोटाने उचलावी इतकी हलकी. वजन आणखी कमी व्हावं म्हणून पुढे दिवा लावायचा जो कान असतो, तो त्याने कानशीने घासून काढला होता. खमरियाहून येताना शेवटच्या उतारावर तो पायडल मारणं थांबवायचा. मग मागच्या चाकाची किर्र अशी बारीक आवाजाची रेघ घरापर्यंत यायची आणि आई भाजी चिरायची थांबून चहा टाकायची.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. घरातली विळी, हातोडी, शिवणयंत्र, आणि अर्थात सायकल. आईने हिरव्या सायकलवर पुढे ठसठशीत स्वस्तिक काढलं, आणि दादाने ते पुसून टाकलं. शर्यतीला असं जायचं नसतं, पोरं हसतात. दुपारी तो झोपला तेव्हा तिने धाकट्याला खूण केली. श्रीधरने सायकल उलटी धरली आणि आईने तेलात कालवलेलं कुंकू पोटाखाली, जिथे दादाची नजर कधी जाणार नाही अशा जागी, बोटाने दाबून लावलं. मग दर वर्षी तेच. जुन्यावर नवं. "ऑइल लागून लागून ते असं घट्ट बसलं होतं," काकाजी म्हणाले, "की पोटालाच फोड आल्यासारखं. मीच धरायचो सायकल. माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं."

दादा काविळीत गेला. काकाजी तेव्हा परीक्षेसाठी नागपूरला होते. परत आले तर दादाही नव्हता आणि भिंतीवरच्या खुंटीवर सायकलही नव्हती. वडिलांनी ती दारावरून जाणाऱ्या कोणाला तरी देऊन टाकली होती. कोणाला, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. बहुधा त्यांनी त्या माणसाकडे बघितलंही नसावं.

"म्हणून मी पोट बघतो," काकाजी म्हणाले.

मी विचारलं, काकूंना माहीत आहे?

"दादाची सायकल शोधून राहिलो हे माहीत आहे. कुंकवाची जागा नाही माहीत. तिला सांगितलं तर भिशीत जाईल. भिशीतून भंगारवाल्याकडे. मग जबलपूरमधली प्रत्येक सायकल पोटाला कुंकू लावून माझ्या दारात उभी राहील."

"मग मला कसं सांगितलं?"

"तू सांगितलेलं कोणाला खरं वाटते?"

हे बरोबर होतं. आमच्या घरात मी काही सांगायला लागलो की मुलगी आईकडे बघते आणि आई मान हलवून किती टक्के धरायचं ते सांगते.

त्या दिवसापासून मात्र त्यांचं ते "अच्छा" मला वेगळं ऐकू यायला लागलं. एकदा नागपूरहून एक तरुण गाडी घेऊन आला. त्याच्या हॉटेलच्या भिंतीवर लावायला त्याला जुन्या सायकली हव्या होत्या. बोलायला गोड होता, काकूंच्या हातचा चिवडा दोनदा मागून खाल्ला. काकाजींनी त्याला सगळा बगिचा दाखवला, प्रत्येक सायकलची जन्मकथा सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "भिंतीवर टांगायची तर घड्याळ घ्या बेटा. ते तिथेही चालते."

"काका, पण तुम्ही तरी टांगूनच ठेवल्यात."

काकाजींनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं. तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "पोरगा वावगं काय बोलला? एवढ्या आहेत, त्यातली एक तरी तुम्ही भाजी आणायला नेता का?" काकाजी खरंच त्यांतली एकही चालवत नसत. बाजारात ते पायी जात. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्यांच्या आहेत रे त्या."

मग एका वर्षी, पितृपक्षात, बरगी धरणाकडून निरोप आला. काकाजींचा एक जुना सहकारी तिकडे मासे आणायला गेला होता. त्याने धरणाकाठच्या एका गावात घासलेल्या कानाची शर्यतीची सायकल पाहिली होती. काकाजी माझ्या स्कूटरवर मागे बसले. जाताना ते वाटभर बोलले. काय बोलले ते हेल्मेटमुळे मला कळलं नाही, पण मी "हो, हो" म्हणत राहिलो, आणि त्यातल्या कशाला तरी मी हो म्हणाल्याचं त्यांनी पुढे कित्येकदा ऐकवलं.

सायकल एका म्हाताऱ्या कोळ्याची होती. हँडल उलटं फिरवून वर केलेलं, कारण त्यावर जाळं अडकवायला सोपं. निळा रंग, त्याखाली लाल, आणि दांड्याला जिथे घासून घासून चट्टा पडला होता तिथे, अगदी खाली, हिरवा. पोटावर मात्र चिखल, माशाचे खवले आणि जुन्या ग्रीसचा हातभर, म्हणजे बोटभर, थर. मी हातभर म्हणून गेलो, ते घरच्या सवयीप्रमाणे.

"इसमें क्या रखा है बाबूजी?" कोळी विचारत होता. "ये तो घाट की सवारी है। मेरे ससुर को किसी ने शहर में दी थी।"

"किसने दी थी?"

"अब ससुर होते तो बताते।"

काकाजींनी त्याला बदल्यात नवी कोरी, कॅरिअर आणि घंटी असलेली सायकल घेऊन दिली. कोळी आधी नवी सायकल बघे, मग काकाजींना बघे. शहरातल्या माणसांविषयी त्याचं मत त्या दिवशी पक्कं झालं असावं.

आणि मग एक गोष्ट घडली, म्हणजे घडली नाही. काकाजींनी ती सायकल उलटी केली नाही.

टेम्पोतून उतरवली, शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली. हँडल पुन्हा खाली वळवलं. उंची मोजली, घासलेल्या कानावरून बोट फिरवलं. रोज सकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत. मी म्हणे, काकाजी, बघून टाका ना. ते म्हणत, "कान तर पुष्कळ पोरं घासत होती. हिरवा रंगही पुष्कळांचा. एकच जागा आहे." मग थोड्या वेळाने, "त्या जागी काही निघालं नाही तर? आता माझ्यात दुसरी शोधायची ताकद नाही रे." ज्या माणसाने अख्ख्या जबलपूरच्या सायकली उताण्या पाडल्या, तो या एका सायकलला बोट लावायला तयार नव्हता. शेवटी त्यांनीच ठरवलं, खंडेनवमीच्या दिवशी बघायचं. त्या दिवशी सकाळी फुलं आणायची, पूजा मांडायची, आणि मग हलक्या हाताने, चिंधी आणि रॉकेल घेऊन, एकेक थर काढायचा. मला हजर राहायचं आमंत्रण होतं.

मी गेलो तेव्हा काकाजी झेंडू आणून फाटकातून आत येत होते. आम्ही दोघं शेडकडे वळलो.

सायकल उलटी उभी होती. पोट लख्ख चमकत होतं. शेजारी पाटावर चिंचेचा कोळ, राख, नारळाची शेंडी, आणि पदर खोचून कपाळाचा घाम पुसणाऱ्या काकू.

"घ्या," काकू म्हणाल्या. "बाकीच्या सगळ्या तुम्ही पुसता, हिलाच काहून असं घाणेरडं ठेवलं होतं? पूजेत काय अशी ठेवायची? सकाळपासून घासून राहिले. हात गेले माझे."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पूजेआधी हत्यार घासायचं असतं, ते प्रत्येक घरची बाई घासते. आणि नवऱ्याची सगळ्यात लाडकी सायकल म्हणून त्यांनी ती सगळ्यात जास्त घासली होती.

काकाजींच्या हातातली झेंडूची पिशवी तशीच राहिली. मग अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "खाली लाल काही होतं का?"

"लालच होतं की. खपली धरली होती नुसती."

"लाल कसं? गंजाचं, की..."

"की काय? गंज लालच असतो ना हो. मी काय तपासणीला बसले होते? घासलं नि पाणी टाकलं."

पाणी नाल्याकडे वाहून गेलं होतं. मी त्या दिशेला बघितलं आणि लगेच नजर वळवली, कारण काकाजीही तिकडेच बघत होते. काकूंनी आता आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे नीट पाहिलं. "काय झालं? काही चुकलं का माझं?"

मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. मी खुर्ची ओढायला पुढेही झालो. पण काकाजींनी पिशवी माझ्या हातात दिली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि जाऊन सायकलची दोन्ही चाकं दोन हातांनी धरली, हलू नये म्हणून. दर वर्षी एखादा मुलगा धरत असेल तशी.

"काही नाही चुकलं," ते म्हणाले. "कुंकू आण. तेलात कालव."

"अहो, मग सरळ तर करा. स्वस्तिक पुढे काढायचं ना?"

"पुढे नको. इथे लाव. मी धरतो, तू लाव."

"पोटाला? ही कुठली रीत?"

"आमच्या घरची आहे," काकाजी म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, शंभर टक्के धरा अशी. त्यांनी बोट बुडवलं, वाकल्या, आणि घासून घासून स्वतःच लख्ख केलेल्या त्या जागी कुंकू दाबून लावलं. काकाजींनी मान खाली घातली होती. चाकं त्यांनी जराही हलू दिली नाहीत.

पुढे एकदा मी न राहवून विचारलं, "काकाजी, मग काय ठरलं? तीच आहे का?"

"कुंकू लागलं ना तिला," ते म्हणाले. "आता घरची झाली."

एवढंच. पण त्यानंतर त्यांनी कोणाचीही सायकल उलटी केली नाही. एके दिवशी दूधवाला कोणाची तरी पार खिळखिळी झालेली सायकल घेऊन आला, सवयीने कॅन उतरवले आणि उभा राहिला. काकाजी ओसरीवर पेपर वाचत होते.

"अंकलजी, आज उल्टी नहीं करोगे?"

"नहीं भैया. जाओ, दूध फट जाएगा।"

दूधवाला जरा वेळ घुटमळला. कॅन परत चढवताना त्याचा चेहरा पडला होता.

पुढच्या उन्हाळ्यात काकाजी गेले. बगिचा हळूहळू पांगला. काही सायकली त्या नागपूरच्या हॉटेलवाल्यानेच नेल्या, आणि नेताना काकूंना नमस्कार करून गेला. वरून निळी असलेली ती हिरवी मात्र शेडमध्ये आहे. खंडेनवमीला काकू मला हाक मारतात. मी ती उलटी धरतो आणि काकू पोटाला कुंकू लावतात. घरची रीत आहे म्हणतात. कधी कधी वाटतं, सांगून टाकावं. पण कुंकू लावून झाल्यावर त्या इतक्या समाधानाने हात पुसतात, की माझं तोंड उघडत नाही. त्या हे वाचतील अशी भीती नाही. मी लिहिलेलं त्या चष्मा लावूनही वाचत नाहीत.

मला शेवटचे नीट दिसलेले काकाजी त्या खंडेनवमीनंतरच्या थंडीतल्या एका सकाळचे आहेत. मी खमरियाकडून स्कूटरवर परत येत होतो. धुकं होतं. पुढे उताराच्या तोंडाशी कोणीतरी मफलर गुंडाळून, डाऊन हँडलवर पार वाकून सायकल चालवत होतं. वय एवढं आणि वाकणं असं, तेव्हा काकू रागावणार, हा माझा पहिला विचार. हाक मारावी म्हणून मी जवळ गेलो; सायकल तीच होती, घासलेल्या कानाची. तेवढ्यात उतार लागला आणि त्यांनी पायडल मारणं थांबवलं. मागच्या चाकाची ती बारीक किर्र सुरू झाली. मी हाक मारली नाही. स्कूटर बंद केली आणि तशीच उतारावर सोडून दिली, त्यांच्या मागे मागे, आवाज ऐकत. त्यांनी वळून पाहिलं नाही. उतार संपला तसे ते पुन्हा पाय मारू लागले. मी किक मारली, पुन्हा मारली. थंडीत माझी स्कूटर लवकर सुरू होत नाही. ती सुरू होईपर्यंत ते धुक्यात वळून दिसेनासे झाले होते.